बंबवाले आबा आणि जळगावचं आरमार

किस्से कोणी मुद्दाम गोळा करायला जात नाही. माणूस निघतो वेगळ्याच कामाला, आणि शेतातून फिरून आल्यावर साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली असावीत तसे ते घरी आल्यावर सापडतात. आमचं तेच झालं. आम्ही निघालो होतो खान्देशातल्या नौसैनिकांचा इतिहास लिहायला. इतिहास अजून लिहायचाच आहे. किस्से मात्र इतके साचलेत की मला चहाला बोलावणारे लोक हल्ली विचार करून बोलावतात.

आधी मंडळाची ओळख करून देते. 'खान्देश आरमार इतिहास मंडळ', मुक्काम जळगाव. अध्यक्ष भंगाळे सर, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त. खजिनदार मोहनभाऊ, त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. चिटणीस मी, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त. बाकीचे सदस्य लेटरहेडवर आहेत. बैठका मोहनभाऊंच्या दुकानात होतात, वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर बसून.

मंडळाचं नाव ऐकलं की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "पण जळगावात समुद्र कुठाय?" भंगाळे सरांचं उत्तर ठरलेलं आहे. "चंद्रावर गेलेले काय चंद्रावर जन्मले होते?" विचारणारा गप्प होतो. पण एक गप्प झाला तरी बाकीचं जळगाव उरतंच!

तसं पाहिलं तर आमच्याकडून आरमारात बरीच मुलं गेली. कशी गेली, हेही आम्ही शोधून काढलं. भरतीच्या ठिकाणी सैन्याची रांग लांबलचक दिसली की आमची पोरं शेजारच्या आखूड रांगेत उभी राहायची. आत गेल्यावर कळायचं की ती आरमाराची आहे. खान्देशाची थोर सागरी परंपरा सुरू झाली ती अशी. हे वाक्य मी प्रस्तावनेत घातलं होतं. सरांनी ते खोडून तिथे 'दर्याची अनिवार ओढ' असं लिहिलं.

* * *

सरांचं म्हणणं होतं, "मॅडम, ज्याने लाट अनुभवली नाही त्याने आरमारावर लिहू नये." सरांनी समुद्र पाहिलेला आहे, पण चौपाटीवरून, भेळेचा कागद हातात धरून. म्हणून लाट अनुभवायची ठरली. जळगावात लाट कुठे मिळणार? मेहरूण तलावात!

तिथे बदकाच्या आकाराच्या पायडलबोटी होत्या. एका बदकात सर आणि मोहनभाऊ बसले. सरांचं नारिंगी जॅकेट पोटावर जुळेना, तेव्हा ते त्यांनी उपरण्यासारखं खांद्यावर घेतलं. मी काठावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते, कारण चिटणिसाने काठावर राहून नोंदी करायच्या असतात.

बदक जरा आत गेलं आणि सरांच्या अंगात आरमार संचारलं. "स्टारबोर्ड!" ते ओरडले. मोहनभाऊंनी विचारलं, "म्हणजे कुठे?" सर म्हणाले, "उजवीकडे हो! पोर्ट म्हणजे डावीकडे!" हे समजावून देण्याच्या नादात सरांचे पाय थांबले, बोट जलपर्णीत घुसली आणि तिथेच बसली. काठावरून बोटवाल्याने शिट्टी मारली आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ओ काका, हुकूम मंग सोडा, पहिले पाय मारा!"

सर परत आले ते पिवळे पडून. लिंबूसोडा प्यायले, बाकावर आडवे झाले. मी इतिवृत्तात लिहिलं, 'अध्यक्षांनी प्रत्यक्ष जलप्रवासातील अडचणींचा अभ्यास केला.' चिटणिसाला असं लिहावं लागतं.

* * *

मंडळाच्या पहिल्या व्याख्यानासाठी मोहनभाऊंनी फुकटात फ्लेक्स करून दिला. फुकटचं काम असूनही मन लावून केला. समोर उसळता समुद्र, त्यात भलंमोठं लढाऊ जहाज, वर सोनेरी अक्षरांत 'आमचे शूर नौसैनिक'. हॉलच्या दारात तो उभा केला. लोक सेल्फी काढत होते.

भुसावळहून एक निवृत्त नौसैनिक आले होते. ते फ्लेक्ससमोर उभे राहिले ते हलेचनात. आम्हाला वाटलं, आठवणी दाटून आल्या असतील. सर हळुवारपणे जवळ गेले. "आपलं जहाज का, काका?"

"नाही," काका म्हणाले. "हे समोरच्यांचं आहे. ह्याच्यावरच आम्ही तोफा रोखल्या होत्या."

मोहनभाऊंचं तोंड पाहण्यासारखं झालं. "इंटरनेटवर बॅटलशिप टाकलं, तर हे सगळ्यांत क्लिअर आलं हो!" आता वेळ थोडा, पाहुणे दारात, दुसरा फ्लेक्स छापायचा कधी? पण मोहनभाऊ मूळचे धंदेवाले. दुकानात आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या वाढदिवसाचा एक कटआउट पडला होता, तो आणून त्यांनी बरोब्बर जहाजावर चिकटवला. नगरसेवक देहाने भरलेले. जहाज पुरतं गेलं, फक्त कडेने थोडं पाणी उरलं.

खान्देशच्या भूमीवरून बुडवलेलं शत्रूचं ते पहिलं आणि शेवटचं जहाज!

* * *

आता सुपडू आबांकडे येते, कारण आमचं सगळं त्यांच्यापाशीच अडकलं होतं.

सुपडू आबा धरणगावजवळच्या एका गावात राहतात. ऐंशीकडे झुकलेले, कान तिखट, बोलणं मोजकं. एकाहत्तरच्या लढाईत ते एका लढाऊ जहाजावर होते, स्टोकर म्हणून. जहाजाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते सरांनी पुस्तकासाठी राखून ठेवलंय. म्हणजे ते छापलेलं आता कोणालाच दिसणार नाही.

आम्ही गेलो तेव्हा घरात कापूस येऊन पडला होता. अर्धी खोली पांढरी. सर शिंकत शिंकत त्या ढिगाजवळ बसले, रेकॉर्डर लावला आणि आवाजात वजन आणून विचारलं, "आबा, त्या लढाईत आपली नेमकी भूमिका काय होती?"

"पाणी तपाडं," आबा म्हणाले.

"म्हणजे?"

"बॉयलरमा पाणी ऱ्हास. ते तपाडं का वाफ व्हस. वाफवर जहाज चालस."

"ते बरोबर. पण प्रत्यक्ष लढाई सुरू झाल्यावर?"

"लढाईमा जास्त तपाडं."

सरांचं पेन हवेत राहिलं. आतून अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, कळण्याची भाकरी थापता थापता ओरडल्या, "लिखी ल्या सर! अन् हाई बी लिखा, घर उनात तवयपाईन चहानं पाणी बी नई तपाडं यास्नी!"

घरी आल्यापासून चहाचं पाणीही तापवलं नाही, हे ऐकून आम्ही हसलो, आबाही हसले. मग अक्का भाकरी घेऊन बाहेर आल्या आणि जे बोलल्या त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्या गावात घरटी एक फौजी. तिथली एक रीत आहे, आणि रीत चांगली आहे. सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा सरपंच फडकवत नाही, हेडमास्तर फडकवत नाही. गावातला कोणी तरी माजी फौजी फडकवतो. दर वर्षी पाळी बदलते. सैन्यातून शिपाई म्हणून आलेल्यालाही गाव 'मेजर' म्हणतं. आबांना मात्र गाव म्हणतं, 'बंबवाले आबा'. पाणी तापवायचे म्हणून! ज्यांनी एकदा दोरी ओढली त्यांची पाळी पुन्हा आली. आबांची आलीच नाही.

"बठ्ठास्ना हातमा दोरी गयी," अक्का म्हणाल्या. "यास्ना हातमा नई. दर साल मी धवळा कपडास्ले इस्तरी करस. हाई पहिली लाईनमा जाई बठतस, अन् टाळ्या वाजाडीसन घर येतस."

"जाऊ दे ना," आबा म्हणाले आणि कापसातली काडी वेचून बाजूला ठेवली.

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागच आला. परत येताना गाडीत मी सरांना स्पष्ट सांगितलं, की पुस्तक राहिलं खड्ड्यात. आबांचे हातपाय चालताहेत तोवर त्यांच्या हातात ती दोरी गेली पाहिजे. सर म्हणाले, "पुस्तक खड्ड्यात कशाला? दोन्ही करू." त्यांच्या बाजूने एवढी कबुलीही खूप होती.

* * *

त्याच दिवसांत मोहनभाऊंना प्रदर्शन भरवायचं सुचलं. नौदलाच्या वस्तूंचं. वस्तू कुठून आणायच्या? "धुळ्याला भंगारवाल्यांकडे गुजरातहून तोडलेल्या जहाजांचं सामान येतं," ते म्हणाले. यात तथ्य आहे. हायवेवरच्या काही ढाब्यांवर जहाजाच्या खुर्च्या आम्ही स्वतः पाहिल्यात. त्या खुर्चीत बसून शेवभाजी खाल्लीय.

मोहनभाऊ एका दिवसात गेले आणि विजयी मुद्रेने परतले. गोणपाटात गुंडाळलेली एक गोल, जाड काचेची, स्टीलच्या कडीची खिडकी. "अस्सल जहाजाची आहे. भंगारवाल्याने पोराची शपथ घेतली!" सरांनी काचेवरून हात फिरवला. "या काचेतून कोणी तरी उसळता समुद्र पाहिला असेल," असं म्हणून त्यांनी खाली चिठ्ठी लावली, 'युद्धनौकेची खिडकी'.

जामनेरच्या एका शाळेत प्रदर्शन लागलं. मुलं रांगेने येऊन खिडकीतून डोकावत होती. सातवीतली एक मुलगी बराच वेळ उभी राहिली आणि मग अदबीने म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी अशीच खिडकी आहे. पण आमची मम्मी तिच्यात कपडे टाकते."

वॉशिंग मशीनचं दार होतं ते! काचेतून कोणी तरी उसळतं पाणी पाहिलं होतं, एवढा भाग खरा.

सरांनी चिठ्ठी काढली. मोहनभाऊंनी मात्र खिडकी सोडली नाही. ती अजून दुकानात टांगलेली आहे आणि नवीन गिऱ्हाइकाला ते अजून तीच माहिती देतात.

* * *

मग आम्ही आबांच्या सरपंचाकडे गेलो. सरपंच तरुण, कडक इस्त्रीचा, पण मनाने वाईट नाही. खुर्च्या मागवल्या, चहा मागवला.

"मॅडम, आबांबद्दल आदर आहे. पण फौजी म्हणजे बॉर्डर."

"समुद्रातही बॉर्डर असते," मी म्हटलं.

"मग तिथं तारेचं कुंपण कुठे ठोकतात?"

उत्तर द्यायला सर पुढे झाले. सरांनी प्राचीन बंदरांपासून सुरुवात केली. व्यापारी गलबतं आली, वारे आले, परकीय सत्ता आल्या, गेल्या. चहाचे ग्लास उचलून नेले, पुन्हा भरून आणले, पुन्हा उचलून नेले. शेवटी सरपंचांनी हात जोडले. "सर, बठ्ठं समजनं. फक्त आबांनी काय केलं ते सांगा."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं! आबांनी काय केलं, ते आबांशिवाय कोण सांगणार?

सरपंचांनी तोडगा काढला. आबांनी शाळेत येऊन लढाईतला एक दमदार प्रसंग सांगावा. पोरांनी टाळ्या वाजवल्या, गावाने ऐकलं, की येत्या सव्वीसला दोरी आबांची. आम्ही खूश होऊन आबांकडे गेलो. सरांनी आबांना बाजूला घेतलं. "आबा, थोडं तिखटमीठ लावायला हरकत नाही. इतिहासात चालतं."

आबांनी सरांकडे असं पाहिलं की सर चष्मा पुसायला लागले.

ठरल्या दिवशी आबा शाळेत उभे राहिले आणि सांगितलं ते हे. बॉयलरला एक काच असते. तिच्यात पाण्याची पातळी दिसते. पाणी खाली गेलं की बॉयलर फुटतो. "मंग दुश्मनले काहीच कराले नको," आबा म्हणाले. "वर धाडधाड चालू व्हतं. आम्ही काचवर डोया ठीसन बठेल व्हतूत."

झालं. एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या लोखंडी पोटात, वर काय कोसळतंय ते दिसत नसताना, एका काचेवरून नजर हलवायची नाही, याचा मी विचार करत होते. पोरं मात्र पुढचं ऐकायला थांबली होती. एकाने हात वर केला.

"आबा, तुम्ही दुश्मन देखा का?"

"नई."

"मंग आपण जिंकनूत ते कसं समजनं?"

"वरथीन चहा उना," आबा म्हणाले.

वरून चहा आला, यावर टाळ्या पडल्या, पण विरळ. सरपंच घड्याळाकडे पाहत होते. निघताना मला म्हणाले, "बघू, मॅडम." हे 'बघू' मी तीस वर्षं सरकारी शाळेत ऐकलंय. त्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको.

* * *

आणि मग आले धुळ्याचे कॅप्टन नाना.

नाना नौदलातून निवृत्त झालेत, यात शंका नाही. ते कॅप्टन नव्हते, यातही नाही. निळा ब्लेझर, तिरकी टोपी, छातीवर बिल्ले, आणि आवाज असा की माइकची गरज नसते. तरी ते माइक घेतात. धुळ्यातल्या शाळाशाळांत त्यांची भाषणं होतात. "तोफ माझ्या हातात होती, मुलांनो! कमांडर म्हणाला, 'नाना, आता तुमच्यावरच आहे!'" पुढे नाना हातांनी तोफ फिरवतात आणि पहिल्या रांगेतली पोरं खरोखर डोकी खाली घालतात.

आम्ही मुलाखतीला त्यांच्या देवपूरच्या घरी गेलो. नानांनी तोफ दोनदा उडवून दाखवली. काकू भरीत-पुरीची ताटं घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या, "ह्यांना तर पांझरा नदीच्या पुलावरही गरगरतं हो. बोटीत पाय ठेवला की उलट्या. म्हणून तर साहेबांनी ह्यांना सगळी वर्षं स्टोअरलाच ठेवलं. ब्लँकेटं देणं-घेणं बघायचे."

"ती गुप्त मोहीम होती!" नाना म्हणाले.

काकू म्हणाल्या, "पुरी घ्या अजून."

सरांनी मला नंतर समजावलं, की नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखंच नाव देतात. तिथे काम करणाराही 'जहाजावर होतो' असंच म्हणतो. म्हणजे जहाजापुरतं नानांचं म्हणणं अक्षरशः खरं. फक्त त्यांच्या जहाजाला पाया होता, गच्ची होती आणि मागे पेरूचं झाड होतं.

माणूस मात्र लाघवी. खाऊ घालण्यात हात सढळ. मला त्यांचा राग येत नव्हता. राग आला तो पुढे. सरांनी धुळ्याच्या व्याख्यानात, नाना समोर बसलेले असताना, आबांच्या जहाजाचं नाव घेतलं, त्याच्या शौर्याचं वर्णन केलं, आणि पुढच्याच आठवड्यात नानांची तोफ त्या जहाजावर गेली! इतकी वर्षं नुसतं 'एक जहाज' होतं, त्याला आता नाव मिळालं. पन्नास वर्षांनंतर नानांची समुद्रावर बदली झाली, आणि ती भंगाळे सरांनी केली.

* * *

सव्वीस जानेवारीला आम्ही तिघंही आबांच्या गावी पोचलो. थंडी मी म्हणत होती. फाटकातच सरपंच भेटले, फार आनंदात. "मॅडम, तुमचंच काम केलं! नौदलाला मान पाहिजे होता ना? यंदा झेंडा नौदलाच्या हातून!"

मी आत पाहिलं. झेंड्याच्या खांबाजवळ निळा ब्लेझर उभा होता.

नानांचा व्हिडिओ सरपंचांना मोबाईलवर आला होता. तोफेचा. त्यांनी धुळ्याला फोन लावून प्रमुख पाहुणे पक्के करून टाकले होते. आबांना सांगायला कोणी गेलं नव्हतं. आबा पहिल्या रांगेत बसले होते, पांढरेशुभ्र कपडे, टोपीची घडी धारदार. शेजारी अक्का. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तालुक्याचे एक साहेब यायचे होते, ते आले की झेंडा. तोवर माइक रिकामा होता. आपल्याकडे रिकामा माइक फार वेळ रिकामा राहत नाही. नानांनी तो हातात घेतला आणि लढाई सुरू केली. तोफ फिरली, कमांडर बोलला, पोरांनी डोकी खाली घातली. आणि मग नानांनी जहाजाचं नाव घेतलं.

सरपंच ताडकन उठले. "अरे! हाई ते आपला आबानं जहाज!" त्यांनी दुसरा माइक ओढला. आनंद खरा होता हो त्यांचा. "आबा! नाना अन् तुम्ही एकच जहाजवर! आबा, वळखतस ना नानास्ले?"

सगळं मैदान आबांकडे वळलं. पोरं, बाया, मागे ओट्यावर बसलेले सगळे मेजर.

तुम्हाला सांगते, लढाऊ जहाज म्हणजे काही मोठं गाव नव्हे. सगळे एकाच कढईतली डाळ खाणारे. कोण घोरतो, कोणाचं लग्न ठरलंय, कोण झोपेत आईला हाका मारतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तोफेवर कोण होतं, हे आबांना माहीत नसणं शक्यच नव्हतं. नानांनाही ते ठाऊक होतं. त्यांचा माइकवाला हात खाली आला. चेहरा असा झाला, जसा पांझरेच्या पुलावर होत असेल.

आबांनी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. पाहुणा तिथल्या तिथे संपला असता आणि दोरी आबांची झाली असती. सर माझ्या कानात म्हणाले, "ते नाही बोलले तर मी उठून सांगतो." मी सरांच्या कोटाची बाही घट्ट धरली. का धरली, ते मला अजून कळलेलं नाही.

आबा हळूहळू उठले. टोपी नीट केली.

"मी खाले व्हतू," ते म्हणाले. "वर कोण कोण व्हतं, माले काय मालूम?"

आणि बसले.

सरपंच जरा हिरमुसले. मागच्या ओट्यावर कोणी तरी हसलं. अक्कांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. नाना तसेच उभे. तेवढ्यात तालुक्याचे साहेब आले, गडबड झाली, हेडमास्तरांनी शिट्टी वाजवली, पोरं सावधान झाली. सरपंचांनी दोरी सोडवून नानांच्या हातात दिली.

नानांनी दोरीकडे पाहिलं. मग वळले, चालत पहिल्या रांगेपाशी आले. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"खांदा दुखतोय माझा," नाना म्हणाले. "आबा, तुम्ही ओढा."

आबा उठले. खांबापाशी गेले, दोरी हातात घेतली, वर पाहिलं आणि ओढली. झेंडा उलगडला, झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या टोपीवर पडल्या. राष्ट्रगीत झालं.

मग सरपंचांनी जाहीर केलं, "आता आपले सुपडू मेजर दोन शब्द बोलतील!" गावात पहिल्यांदाच कोणी त्यांना मेजर म्हणत होतं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! आबा माइकजवळ आले. मग मागे उभ्या असलेल्या नानांचा हात धरून त्यांना शेजारी ओढलं.

"आम्ही दोन्ही आरमारमा व्हतूत," आबा म्हणाले. "बस."